ओळंब्याची परीक्षा

मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमचे मालक मंठ्याला धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या करायचे. कोठी गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी तिच्या झाकणावर तीन वस्तू पाडायच्याच, हा त्यांचा नेम. स्टुलावर उभं राहायचं, जोर लावायचा न्हाई, नुसतं हातातून सोडायचं. आधी चपटा लोखंडी ठोकळा. त्यानं आवाजच काय तो व्हायचा. मंग वरवंटा. त्याचा गोल पोचा पडायचा, आतून ठोकला की बराबर निघायचा. शेवटी गवंड्याचा टोकदार ओळंबा, टोकावर पडेल असा. तिन्हींत हलका तोच, अन् मालक भ्यायचे त्यालाच.

"वजनाचं काय घेऊन बसलीस?" म्हणायचे. "सगळा मार एका टिपक्यावर आला की पत्रा फाटतो. माळ्यावरून विळा आज ना उद्या पडणारच. भोक पडलं की किडे आत."

ते गेले तेव्हा एक कोठी तयार होती, पलीकडच्या गल्लीतल्या भाभीची. परीक्षा तेवढी राहिल्ती. महिन्याभरानं भाभी न्यायला आली.

"आपा, रहने दो. भाई ने बनाई, बस है."

"न्हाई बाई. बिनपरीक्षेची कोठी या घरातून गेली न्हाई."

"तुम चढोगी स्टूल पे? गिरी तो पोचा तुमको पडेगा!"

ती हसली. मलाही हसावं वाटलं, पण तोंड हललं न्हाई. त्या दिवसांत माझं असंच होतं. ताट पुढं आलं की जेवायचं, झालं.

ठोकळा सोडला, वरवंटा सोडला, काही न्हाई. ओळंबा सोडला तो झाकण फाडून अर्धा आत जाऊन अडकला.

मालक पत्र्याची जाडी चिमटीत धरून ओळखायचे. शेवटी शेवटी शुगरनं त्यांची बोटं बधिर झाल्ती. पातळ पत्रा हाती आला, त्यांना कळलं न्हाई. बोटांचं त्यांनी मला तरी कुठं नीट सांगितलं?

भाभी हळूच म्हणाली, "मैं ऐसी च ले जाती. किसी को नहीं बोलूंगी."

"ज्वारीत किडे झाले तर त्यांचं नाव घेशील."

"नहीं लूंगी, आपा."

"मनात घेशील."

मंग ओळंबा ओढून काढायला तिनंच हात लावला. कोठी मी दिली न्हाई.

आता तिच्यात आमचीच ज्वारी असते, भोकावर चिंधी कोंबून. परवा चिंधी काढून झाकण आतून पुसलं. कडा आत वळलेल्या, धारेच्या. बोट कापलं होतं, ते फडक्यावर रक्त दिसलं तेव्हा कळलं.