गिरणीच्या अंगणातली भिंत

‘तुझा काय संबंध?’ हे मला सगळ्यांनी विचारून झालं. नवऱ्याने विचारलं, मराठी मंडळातल्या मैत्रिणींनी विचारलं, मुलीने फोनवर इंग्रजीत विचारलं. लोकरीची गिरणी वेल्सहून आलेल्या माणसांनी उभी केलेली, तीही कधीची बंद पडलेली. तिचा इतिहास लिहायला इचलकरंजीची बाई कशाला हवी?

माझे वडील इचलकरंजीत दुसऱ्याच्या मागावर काम करायचे. मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले होते, म्हणून जेवताना आम्ही सगळे त्यांच्याशी ओरडून बोलायचो. त्यांच्या हट्टापायी मी टेक्स्टाइल शिकले आणि अमेरिकेत येऊन आयुष्यभर बँकांची सॉफ्टवेअरं तपासत बसले. निवृत्तीनंतर पिस्कॅटवेचं घर विकून आम्ही पेनसिल्व्हेनियातल्या एका नदीकाठच्या गावात आलो, आणि गावात शिरताच ती दगडी गिरणी दिसली. एवढाच संबंध. मला तो पुरेसा वाटला.

गिरणी एका बिल्डरने घेतली होती. आत फ्लॅट होणार होते, खाली अंगणात कॉफीचं दुकान. उद्घाटनाला गिरणीचा आणि तिथल्या कुटुंबांचा इतिहास सांगणारं छोटं पुस्तक काढायचं म्हणून गावात समिती नेमलेली. तिचे अध्यक्ष शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेले, अतिशय गोड बोलणारे गृहस्थ. मला यंत्रांची माहिती आहे म्हटल्यावर त्यांना आनंद झाला. मालकांच्या घराण्यावर लिहायला तिघंजण पुढे आले, कारण मालकाचा पणतू स्वतः अल्बम घेऊन यायचा. विणकरांच्या कुटुंबांवर लिहायला कोणीच नव्हतं. यंत्रांच्या प्रकरणाबरोबर तेही काम माझ्याकडे आलं.

विणकरांच्या वंशातली गावात उरलेली एक म्हातारी होती, नव्वदीला टेकलेली. चर्चमागच्या वृद्धाश्रमात राहायची. पहिल्या भेटीत तिने मला पत्ते खेळायला बसवलं आणि सरळसरळ लबाडी करून हरवलं. मी शंकरपाळे नेले होते. एक तोंडात टाकून म्हणाली, ‘माझी आई असंच काहीतरी करायची, पण तव्यावर. हे जास्त बरं लागतं. आईला सांगू नकोस.’

तिच्या घरातलं कोण काय करायचं हे तिने मला पुढच्या भेटींमध्ये सांगितलं. आजोबा वेल्समधल्या गिरणीतून आलेले विणकर. वडील रंगखात्यात, त्यांचे हात कोपरापर्यंत कधीच पूर्ण स्वच्छ व्हायचे नाहीत. ती स्वतः तयार कापडातल्या गाठी काढायला बसायची. आणि तिची मोठी बहीण कार्डिंग मशीनवर, जिथे लोकर पिंजली जाते.

बहिणीचं सांगायला तिने बराच वेळ घेतला. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, सैन्यासाठी ब्लँकेटं रात्रंदिवस निघत होती. यंत्राच्या पट्ट्यावरचं संरक्षक झाकण काढून ठेवलेलं, कारण ते उघडून साफसफाई करायला वेळ लागायचा. बहिणीच्या गळ्यातला रुमाल पट्ट्यात गेला. ती सतरा वर्षांची होती.

‘यंत्र त्याच दुपारी परत सुरू केलं,’ म्हातारी म्हणाली. ‘आम्हाला घरी आवाज ऐकू येत होता. संध्याकाळी मालकांकडून एक नवं ब्लँकेट आलं. आईने ते कोळशाच्या खोलीत कुत्र्याखाली टाकलं. कुत्रा मेला तेव्हा त्यातच गुंडाळून पुरला.’

बहिणीला गिरणीमागच्या चॅपेलच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराच्या, आवारात पुरलं होतं. चॅपेल विणकरांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं, पण जागा मालकाची. गिरणी बंद पडल्यावर चॅपेल पाडलं गेलं आणि आवार गिरणीबरोबर विकलं गेलं. म्हातारी तरीही दरवर्षी फुलं घेऊन जायची. मग कुंपण आलं, फाटकाला कुलूप आलं, आणि तिचे गुडघे गेले.

हे सगळं मी समितीपुढे वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

‘फारच हृदयस्पर्शी आहे,’ ते म्हणाले. ‘पण उद्घाटनाचा प्रसंग आनंदाचा आहे. आपण याचा सूर जरा वेगळा ठेवू या का?’

‘मुलगी यंत्रात सापडून मेली, त्याचा दुसरा सूर कोणता?’ मी विचारलं.

मालकाचा पणतू अल्बमची पानं उलटत राहिला. मी विचारलं, आवारातल्या थडग्यांचं काय होणार? अध्यक्ष म्हणाले, दगड सुरक्षित काढून ठेवले आहेत, त्यांचा योग्य तो मान राखला जाईल. मी ते खरं मानलं. एवढ्या गोड माणसावर अविश्वास दाखवायला मला तेव्हा संकोच वाटला.

उद्घाटनाला मी म्हातारीला व्हीलचेअरमधून घेऊन गेले. तिने निळा कोट घातला होता, ओठांना लिपस्टिक लावली होती. आत भिंतीवर मालकांच्या चार पिढ्या मोठ्या फ्रेममध्ये टांगलेल्या. विणकरांचा एक घोळक्याचा फोटो, खाली फक्त ‘कामगार’ असं लिहिलेलं. म्हातारीने त्यात आपले वडील दाखवले आणि म्हणाली, बाहेर जाऊ, इथे गरम होतंय.

बाहेर अंगणात कॉफीची टेबलं होती आणि एका बाजूने नवी बांधलेली बसकी भिंत. जुन्या काळ्या पाट्या बसवलेल्या, मध्ये सिमेंट, वर सुगंधी झुडपांच्या कुंड्या. लांबून छान दिसत होती. जवळ गेल्यावर अक्षरं दिसली. इंग्रजी नावं, वेल्श ओळी, काही पाट्या आडव्या, एक तर चक्क उलटी. थडग्यांचे दगड होते ते.

मी खुर्ची मागे वळवायला गेले, पण तोवर तिला दिसलं होतं.

‘तिथे ने,’ एका पाटीकडे बोट दाखवत ती म्हणाली.

त्या पाटीसमोरच्या टेबलावर एक तरुण जोडपं बसलं होतं. मुलाने बूट घातलेला पाय पाटीच्या कडेला टेकवला होता. म्हातारी त्यांना म्हणाली, ‘बाळांनो, जरा बाजूला व्हाल? ती माझी बहीण आहे.’ त्या दोघांना आधी समजेना. समजल्यावर मुलगी रडवेली झाली आणि दोघांनी टेबल उचलून लांब नेलं. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना काय माहीत?

म्हातारीने पाटीवरची वेल्श ओळ मोठ्याने वाचली. भाषा ती विसरली होती, पण ओळ पाठ होती. मग तिने रुमाल थुंकीने ओला करून अक्षरांतलं सिमेंट खरवडायला सुरुवात केली.

अध्यक्ष हातात ग्लास घेऊन आले. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ‘दगड पडून होते,’ ते हळू आवाजात मला म्हणाले. ‘कोणी विचारत नव्हतं. कचऱ्यात जाण्यापेक्षा लोकांच्या नजरेसमोर राहिले, हे चांगलंच नाही का?’

‘तुम्हाला ठाऊक होतं,’ मी म्हणाले.

‘आम्हा सगळ्यांना वाटलं की हा एक सन्मानच आहे.’

‘मग मालकांचे दगड कुठे आहेत? त्यांच्या थडग्यांवर कोणी कॉफी का पीत नाही?’

माझा आवाज वर गेला होता. वडिलांशी बोलताना जायचा तेवढा. अंगणातली सगळी माणसं वळून बघत होती. ‘लेट्स नॉट डू धिस हिअर,’ असं अध्यक्ष पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मी त्यांना विचारलं, हाडं कुठे आहेत? उत्तर आम्ही येतानाच बघितलं होतं, फक्त ओळखलं नव्हतं. चॅपेलच्या आवारावर काळंभोर नवं पार्किंग होतं, पिवळे पट्टे मारलेले. माझी गाडी तिथेच उभी होती.

ती गाडी तिथून मला काढवेना, नवऱ्याला बोलावून घ्यावं लागलं. गाडीत म्हातारी म्हणाली, ‘हनी, तू माझ्यासाठी भांडू नकोस. मी चाललेच आहे.’ मी म्हटलं, मी तुमच्यासाठी भांडत नाहीये. ते खरंच होतं.

मी गावाच्या कौन्सिलपुढे उभी राहिले. पहिल्यांदा त्यांनी ऐकून घेतलं आणि आभार मानले. दुसऱ्या बैठकीला ते कॉफीवालं जोडपं माझ्या शेजारी येऊन बसलं, आणि मुलगी माझ्यापेक्षा चांगलं बोलली. मंडळातल्या दोघीतिघी आल्या. ‘तुझा काय संबंध’ म्हणणारीही आली आणि बाहेर पडताना म्हणाली, ‘अगं, काय निर्लज्ज लोक आहेत हे.’ शेवटी बिल्डरला भिंत फोडावी लागली. दोन पाट्या फोडताना तुटल्या. उरलेल्या गावाच्या स्मशानात कुंपणाला लावून एका रांगेत उभ्या केल्या आहेत. खाली कोणी नाही. पार्किंग आहे तसंच आहे. त्याच्या कोपऱ्यात एक लहानसा फलक लागला, की इथे पूर्वी चॅपेल होतं. माणसं पुरली होती आणि अजून आहेत, हे त्यावर नाही.

पुस्तक आधीच छापून आलं होतं. यंत्रांवरचं माझं प्रकरण शब्दन् शब्द आहे. विणकरांची कुटुंबं दीड पानात आटोपली आहेत आणि सतरा वर्षांची मुलगी त्यात नाही. माझं नाव काढा म्हणून मी लिहून दिलं, तर पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाले. लोकरीच्या गिरणीवरच्या पुस्तकाची कुठली आली पुढची आवृत्ती?

म्हातारी अजून आहे. पत्त्यांत अजून लबाडी करते. स्मशानातली पाटी बघायला येता का म्हणून मी विचारलं, तर नको म्हणाली. ‘ती तिथे नाहीये, मग मी थंडीत कशाला येऊ?’

अध्यक्ष मला औषधांच्या दुकानात भेटतात. लांबूनच हसतात, नवऱ्याची तब्येत विचारतात. नवरा म्हणतो, गाव लहान आहे, निदान मान तरी हलवत जा. मी हलवत नाही.