मागच्या सीटवर प्रेमलाबाई

हडपसरच्या मळेवाल्यांत गाडी घेतली की आधी पूजा होते आणि मग सीट कव्हरं. उसाच्या रानावर सोसायटी उभी राहिली तेव्हा आप्पासाहेबांनी मोठी पांढरी गाडी घेतली आणि तिला मरून मखमल चढवली. मागच्या सीटबेल्टच्या बक्कलांसाठी भोकं ठेवू का, असं कारागिरानं विचारलं.

"झाकून टाक. बाईमाणसाला टोचतंय. मागं कोण पट्टा लावतंय?"

आणि खरंच कोण लावतो! मागं बसून पट्टा लावणारा भित्रा, अशी आपली सगळ्यांचीच समजूत.

पुढं सासवड रस्त्यावर, भर दुपारी, आप्पासाहेबांचा फोन वाजला. कुणाचा आहे एवढंच बघायला त्यांनी मान खाली घातली. वर बघितलं तर समोर उभी ट्रॉली. पट्ट्यामुळं ते खरचटण्यावर सुटले. मागं बसलेल्या त्यांच्या बायकोचं, प्रेमलाबाईंचं, कमरेखालचं अंग मात्र कायमचं गेलं.

तेव्हापासून घरातल्या भाकरी आप्पासाहेब थापतात. प्रेमलाबाईंची वेणीही तेच घालतात. "अहो, ह्या भाकरीला कोपरे कुठनं आले?" असं त्या व्हीलचेअरवरून विचारतात आणि तरी दीड खातात.

आता कर्वेनगरला लेकीचं, तनुजाचं, डोहाळजेवण होतं. आई हवीच म्हणून ती फोनवर रडली. पण प्रेमलाबाई गाडीत बसायला तयार नव्हत्या. बिचारीनं धसका घेतलाय, असं सगळे म्हणायचे. हा धसका आपणच दिला, हे आप्पासाहेबांना आतून खात होतं. दुरुस्त होऊन दारात पडून असलेल्या गाडीची मखमल त्यांनी कात्रीनं कापली, बक्कलं वर काढली आणि गाडी चालवायला पुतण्याला, ऋषीला, बोलावलं.

"ऋषी चालवणार?" प्रेमलाबाईंनी दारातच विचारलं. "मग ऱ्हाऊ द्या."

"आता कशाचं भ्या? पट्टा वर काढलाय की!"

"मला कुठलं आलंय भ्या? भ्या तुमाला हाय. चावी दिसली तरी तोंड फिरवताय. मी दुसऱ्यासंगं गेले, तर तुमी जन्मात गाडीला हात लावायचा न्हाय. तुमी चालवा, मग येते."

आप्पासाहेब पायरीवरच बसले. "माझ्यानं हुणार न्हाय, प्रेमला. माझ्यापायी तुझे पाय..."

"गेले. माझे पाय गेले. आता तुमचे हात तरी ऱ्हाऊ द्या."

आप्पासाहेब उठले. त्यांनी फोन ऋषीच्या हवाली केला, बायकोला उचलून मागं बसवलं आणि पट्टा लावला. बक्कल दोनदा हुकलं, तेव्हा प्रेमलाबाईंनी त्यांचा हात धरून ते बसवलं.

गाडी इतकी सावकाश निघाली की एका स्कूटरवाल्यानं शेजारी येऊन विचारलं, "काका, वरात आहे का?" आप्पासाहेबांना ते ऐकूही गेलं नाही. पोटच्या पोराला पहिल्यांदा घेतलं असावं, तसं त्यांनी स्टेअरिंग धरलं होतं, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"अहो," मागून आवाज आला, "रडा खुशाल. पण रस्त्याकडं बघून रडा."