तिथं देव हाय का?

आमच्या घरात बाईनं उंबरा ओलांडायला दोनच कारणं चालायची, काम आणि देव. अंबडच्या कारखान्यांमागे दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं राहायचो. माझे वडील आणि आप्पा, म्हणजे थोरले चुलते, एकाच वर्कशॉपमध्ये होते. ते बंद पडलं तेव्हा दोघंही एकाच दिवशी घरी बसले. आई आणि आप्पांची बायको सुमनकाकू द्राक्षाच्या पॅकिंगला जायला लागल्या, आणि हंगाम संपला की जे मिळेल ते काम. डाळीत पाणी किती घालायचं यावर सकाळी सकाळी दोघींची बोलणी व्हायची. अशा घरात कुणा बाईनं ‘फिरायला जाते’ म्हटलं असतं तर तिला वेड्यात काढलं असतं. काकूनं ते कधी म्हटलं नाही. ती म्हणायची, ‘देवाला जाऊन येते.’ देवाला नाही कोण म्हणणार?

काकू गेली त्याला आता महिना उलटून गेला. फोन संजयचा आला, तिच्या मुलाचा. ‘शोभाताई, आई गेली गं...’ मी पोचले तेव्हा दारात माणसं मावत नव्हती आणि जो तो एकच वाक्य बोलत होता, लय देवभोळी बाई. दहाव्याला गोदाकाठी प्रवचन झालं, त्यात तर बुवांनी तिला संतांच्या रांगेतच नेऊन बसवलं. या माउलीनं एक देवस्थान सोडलं नाही म्हणाले. बाया डोळे पुसत होत्या. मीही खाली मान घालून बसले होते. लोकांना वाटलं असेल, पुतणी रडतेय. मी चिडले होते. अजून चिडलेलीच आहे, म्हणून हे लिहितेय.

कारण तिच्या सोबतीला मी असायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए. झाले, हे मी आजही न लाजता सांगते. ‘शोभीला बोर्ड वाचता येत्यात, बस कळती, तिला घेऊन जाते,’ एवढ्यावर काकूला परवानगी मिळायची. कॉलेजातून मी एखाद्या जागेबद्दल ऐकून आले की भाकरी थापता थापता ती विचारायची, ‘कसं हाय गं तिथं?’ मी सांगायचे. झाडं, दगड, पाणी, खायला काय मिळतं, सगळं तिला ऐकायचं असायचं. आणि सगळं ऐकून झालं की शेवटी, आवाज खाली आणून, ‘तिथं देव हाय का?’

पांडवलेणीला पांडव होते, म्हणून ती जागा सोपी गेली. चढ चढून वर गेलो तर काकू खांबावरच्या हत्तींपाशी अडकली ती हलेचना. माझी इतिहासाच्या पेपरची तयारी नुकतीच झालेली. मी मोठ्या रुबाबात म्हटलं, ‘काकू, ही लेणी बौद्ध भिक्खूंची आहेत. पांडवांचा इथं काही संबंध नाही.’ तिनं दचकून मागं बघितलं, जसे काही आप्पाच उभे आहेत. ‘गप की गं! घरी बोलशील आसं. पांडव हायेत म्हणून तर सोडलंय मला.’ मग बुद्धाच्या मोठ्या मूर्तीसमोर बसली आणि मूर्तीच्या हातांकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, ‘कुणाचं का आसंना... बोटं बघ कशी घडवलीत. मऊ वाटत्यात.’

सिन्नरच्या गोंदेश्वराला तर तिनं बाहेरूनच फेऱ्यावर फेऱ्या घातल्या. राखणदाराला वाटलं, बाईचा काही नवस असावा. ती भिंतीवरच्या मूर्तींचे दागिने बघत होती. परत स्टँडवर आलो, बस लागली, आणि काकूनं कपाळावर हात मारला. ‘शोभे, आत जायचं राह्यलंच की!’ दोघी हसून हसून बेजार. प्रसाद तर घरी लागणारच, म्हणून स्टँडवरच बत्तासे घेतले. रात्री आप्पांनी ते डोक्याला लावून खाल्ले. काकू त्यांच्याकडे बघेना आणि मी काकूकडे बघेना.

देवाच्या नावानं निघायचं म्हणजे वारही देवाचेच निवडावे लागायचे, आणि त्यात तिची खरी पंचाईत व्हायची, कारण तिला मिसळ जीव की प्राण. ऐन एकादशीला ती तर्री मागून घ्यायची, वर कांदा, लिंबू, आणि पावाच्या शेवटच्या तुकड्यानं ताटली पुसायची. मग बसमध्ये वेलदोडा चघळत घरी. घरी आईनं तिच्यासाठी भगर करून ठेवलेली असायची. तीही खायची बिचारी, मुकाट्यानं, भरल्या पोटावर. पण एक गोष्ट तिला कधीच पचली नाही. हॉटेलात बाया दिसल्या की पोऱ्या ओरडायचा, ‘फॅमिली आत!’ आत म्हणजे पडदा लावलेली, खिडकी नसलेली खोली, भिंतीला तेलाचे डाग. काकू त्या पडद्याकडे बघत म्हणायची, ‘एवढं लांब येऊन पडदाच बघायचा, तर घरी काय वाईट हुता?’

पुढे दिवस बदलले. संजयला चांगली नोकरी लागली, दोनाच्या चार खोल्या झाल्या, मलाही शाळेत नोकरी मिळाली आणि मी वेगळी राहायला लागले. आता तरी तिला मोकळं फिरता येईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. आईला देवाची आवड म्हणून संजयनं तिला यात्रा कंपनीच्या बसमध्ये बसवलं. पोरगा हौसेनं करत होता, त्याला काय बोलणार? काकू परत आली ती पाय सुजवून. ‘उतरा, रांगेत ऱ्हा, पाया पडा, बसा. देवच देव झाले शोभे, गाव एकबी बघितलं नाय.’ इतक्या वर्षांचं तिचं निमित्त तिच्याच गळ्यात पडलं होतं, आणि ते काढायचं कसं, ते तिला कळत नव्हतं.

त्याच सुमारास पांडवलेणीच्या पायथ्याला मोठी बाग झाली. हिरवळ, कारंजी, संध्याकाळी गर्दी. मी सांगितलं, तिनं सगळं ऐकलं, आणि सवयीनं विचारलं, ‘तिथं देव हाय का?’ मी म्हटलं, ‘नाही काकू. तिथं काहीच नाही, नुसती बाग.’ ती उठून कामाला लागली. मला वाटलं, संपलं.

पुढच्या रविवारी मी गेले तर काकू चांगलं लुगडं नेसून तयार. आप्पा पेपर वाचत होते. ‘कुठल्या देवाला?’

‘देव नाय. बाग हाय. फिरायला चालले.’

आप्पांनी पेपर खाली ठेवला. ‘फिरायला? या वयात? लोक काय म्हणतील?’

‘म्हणतील, सुमन फिरायला गेली.’

संजय समजुतीच्या सुरात म्हणाला, ‘आई, वाटेत गणपती लागतो, तिथं हात जोडून मग जा ना.’

‘नाय लागत,’ काकू म्हणाली आणि चपला घालायला लागली. पट्टा दोनदा सुटला.

बागेत ती सरळ कारंज्यापाशी गेली. वारा फिरला आणि पाण्याचा सगळा फवारा तिच्या अंगावर. पदर भिजला, डोळे घट्ट मिटले, तोंड हसण्यानं उघडं. मी नवा कॅमेरा घेतला होता, तेवढ्यात फोटो काढला. नंतर हायवेवरच्या हॉटेलात पोऱ्या ओरडलाच, ‘फॅमिली आत!’ काकू पुढच्याच टेबलावर बसली आणि त्याला म्हणाली, ‘तू जा आत. मला रस्ता बघायचाय.’ मिसळ खाताना ती येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत होती. वेलदोडा तिनं मागितला नाही.

आता त्यांच्या भिंतीवर हार घातलेला फोटो आहे तो हाच. हसरा असा एवढाच होता. पण तेराव्याला मी बघितलं तर तिच्यामागे देवळाचा कळस! स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर कारंजं पुसून कळस बसवलाय. मी म्हटलं, ‘संजय, कारंजं कुठं गेलं?’ तो म्हणाला, ‘ताई, हार घालायच्या फोटोत कारंजं बरं दिसतं का? आईला देव आवडायचा.’ त्याचे डोळे भरले होते. लोक फोटोसमोर उभे राहतात आणि म्हणतात, बघा, डोळे कसे मिटलेत, भक्तीत तल्लीन... अहो, नाकातोंडात पाणी गेलंय तिच्या! पदर भिजलाय, तो नाही का दिसत कुणाला?

मूळ फोटो माझ्याकडे आहे. कपाटात नाही, बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याला दिसेल असा लावलाय. त्यात कळस नाही. त्यात माझी सुमनकाकू आहे, मागे कारंजं आहे, आणि त्या दिवशी ती घरात सगळ्यांसमोर सांगून फिरायला गेली होती.