मागचा आवाज

माझ्या बायकोला सगळे बारकी म्हणतात. लग्न होऊन आली तेव्हा ती खरोखरच बारीक होती. आता नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आमची लाँड्री आहे. दादा मागच्या खोलीत धुण्याची मशिनं सांभाळतो, मी गाडीतून कपडे आणतो-पोचवतो, आणि ज्यावर दुकान चालतं ते वाफेचं प्रेस माझी वहिनी आणि बारकी या दोघी जावांच्या ताब्यात आहे. पाटीवर मालक म्हणून आम्हा भावांची नावं आहेत. पाटीवर काय, काहीही लिहिता येतं.

प्रेस जुनं आहे. खाली पाट, वर तापलेलं जड झाकण. वहिनी पाटावर शर्ट पसरतात, हाताने सारखा करतात, हात मागे घेतात आणि म्हणतात, "हं." मग बारकी पायाने पेडल दाबते आणि झाकण खाली येतं. बारकीचा पाय पेडलवर असला तरी तोंड दुसरीकडे असतं, कारण तेव्हा ती आधीच्या शर्टाची घडी घालत असते. म्हणजे सगळी भिस्त त्या एका हुंकारावर. तो आला नाही तर बारकीचा पाय हलत नाही, दारात गिऱ्हाईक कितीही आदळआपट करो. इतक्या वर्षांत वहिनींच्या बोटाला साधा चटका बसलेला नाही.

धावायचं खूळ वहिनींच्या साखरेमुळे घरात शिरलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. एकटीला लाज वाटते म्हणून त्यांनी बारकीला सोबत ओढलं, आणि चालता चालता दोघी कधी धावायला लागल्या ते त्यांनाही कळलं नाही. दादाने विचारलं, कोण मागे लागलंय का तुमच्या. वहिनींनी त्याच्याकडे असं पाहिलं की पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

कालव्याच्या कडेची वाट अरुंद, म्हणून बारकी पुढे आणि वहिनी मागे. बारकी सारखी मागे वळून बघायची, आणि एकदा त्या नादात चांगलीच आपटली. तेव्हापासून मागे बघायचं नाही असं ठरलं. वहिनी थोड्या थोड्या वेळाने मागून "हं" म्हणायच्या. म्हणजे मी आहे, चल पुढे. आवाज आला नाही तर बारकीने थांबायचं. दुकानातलीच पद्धत, फक्त पाय पळत होते इतकंच.

अर्ध्या मॅरेथॉनचं वेड वहिनींचंच. दोघींची नावं त्यांनीच नोंदवली. बारकीला एकवीस किलोमीटर ऐकूनच घाम फुटला होता. पण वहिनी म्हणाल्या, आपल्या गळ्यात आजवर कोणी काही घातलं नाही, एकदा पदक पडू दे. धापा टाकत का होईना, दोघींनी बरोबरच पोचायचं, असा त्यांचा शब्द ठरला होता. घरात इतकी तयारी आमच्या लग्नालाही झाली नव्हती.

त्या दिवसाचं मला बारकीनेच सांगितलं, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी. अर्ध्याहून जास्त अंतर छान गेलं. मग मागचा आवाज बारीक होत गेला, दोन हुंकारांमधलं अंतर वाढलं आणि मोठा पूल उतरल्यावर तो बंदच झाला. बारकीला ते त्याच क्षणी कळलं. नुसती मान वळवायची होती. पण नेमका तेव्हाच तिचा श्वास लयीत आला होता, पाय आपसूक पडत होते, अंग कसं हलकं झालं होतं. तिने स्वतःला सांगितलं की कडेला बँड वाजतोय, लोक ओरडतायत, या गोंगाटात कसं ऐकू येणार. ही थाप आहे हे तिला थाप मारतानाच ठाऊक होतं. ती पळत राहिली.

मी शेवटच्या रेषेपाशी पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा होतो. ती आली, शेवटपर्यंत पोचणाऱ्या प्रत्येकाला मिळतं ते पदक गळ्यात पडलं, चेहरा असा फुललेला की मी तिला क्षणभर ओळखलंच नाही. मी विचारलं, वहिनी कुठायत? ती म्हणाली, मागेच आहेत. आणि तिचा चेहरा माझ्यादेखत उतरला.

वहिनी आल्या त्या आयोजकांच्या गाडीतून. पुलाच्या उतारावर त्यांच्या मांडीत गोळा आला होता, त्या गुडघ्यावर पडल्या होत्या, आणि कोणी तरी उचलेपर्यंत फुटपाथच्या कडेला बसून होत्या. गळा मोकळाच. उतरल्या उतरल्या त्यांनी बारकीचा हात धरला आणि तिचीच माफी मागितली. म्हणाल्या, "माझंच चुकलं गं. तोंडातून आवाजच फुटेना. कुठे राहिले म्हणून उगाच घोर लागला असेल तुला."

बारकीने तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण ती ओठ चावत उभी राहिली आणि एकदा हुकलेली वेळ मग काही केल्या सापडेना.

पुढचे दिवस तिने कसे काढले ते मी पाहिलं आहे. वहिनींनी तिचं पदक दुकानात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर लावलं. कोणी विचारलं की हातातलं काम टाकून सांगायच्या, आमच्या बारकीचं आहे, मी आवाज दिला नाही म्हणून बिचारीला कळलं नाही, नाहीतर मला टाकून जाणारी नाही ती. हे ऐकलं की बारकी घडी विस्कटायची आणि पुन्हा घालायची. तिने वहिनींचा गुडघा शेकला, त्यांच्या वाटणीचं घरकाम ओढून घेतलं, त्यांना उठून पाणीसुद्धा घेऊ दिलं नाही. वहिनी माझ्याकडे कौतुक करायच्या, सख्खी बहीण करणार नाही इतकं करते. वहिनींना खरं सांगून टाकू का, असं बायकोने मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, जाऊ दे, सोडून दे. दुसऱ्याच्या मनावरचं ओझं आपल्याला फार हलकं वाटतं.

शेवटी एका दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, ते बाहेर पडलं. मी कपड्यांचे गठ्ठे बांधत होतो. वहिनींनी पाटावर चादर पसरली आणि म्हणाल्या, "हं." झाकण आलं नाही. त्या पुन्हा म्हणाल्या. बारकी पेडलवरून पाय काढून बाजूला उभी होती.

"ताई, मला कळलं होतं," ती म्हणाली. "पूल उतरल्यावर तुमचा आवाज थांबला, ते मला कळलं होतं."

वहिनींना आधी नीट उमगलंच नाही. मग त्यांनी विचारलं, "मग थांबली का नाहीस?"

मला वाटलं बारकी आता बँडचं सांगेल, गर्दीचं सांगेल. मीसुद्धा तिच्या मदतीला काहीतरी बोलणार होतो. पण ती खाली बघत म्हणाली, "मला फार बरं वाटत होतं, ताई. एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं. मागे बघितलं असतं तर थांबावं लागलं असतं."

वहिनी बराच वेळ चादरीची कड सारखी करत राहिल्या. ती आधीच सारखी होती. मागे दादाचं मशीन घरघरत होतं. मग त्यांनी विचारलं, "कितवी आलीस?"

"काय माहीत. खूप मागे. बऱ्याच जणी आधी पोचल्या होत्या."

वहिनी हसल्यासारख्या झाल्या, पण पुरत्या हसल्या नाहीत. बारकी रडत नव्हती, उभी होती नुसती. धीर करून तिने विचारलं, "गुडघा बरा झाला की याल ना परत धावायला? या खेपेला मी मागे राहीन."

"नको गं," वहिनी म्हणाल्या. "मी आपली चालेन, डॉक्टरांनी तेवढंच सांगितलंय. तू एकटीच जात जा. तुला बरं वाटतं ना."

त्यांनी हे टोमणा म्हणून फेकलं असतं तर बारकी दोन दिवस रडून मोकळी झाली असती. पण मी वहिनींना ओळखतो. त्यांनी ते मनापासून, तिच्या काळजीनेच सांगितलं होतं, आणि बारकीलाही ते कळलं होतं.