थाळी पुढे सरकते

तुमचे बाबा म्हणाले म्हणे, आजी आताशा हट्टी झाली आहे, चर्चमध्ये प्रभुभोजन घेत नाही. हट्ट आहेच. पण त्याचं कारण तुम्हाला माझ्याकडून कळलेलं बरं.

गेल्या उन्हाळ्यात मी इंदापूरला एका अंत्यविधीला गेले होते. परतताना आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, एका पंचांनी बारामतीपर्यंत त्यांच्या गाडीत घेतलं. गाडी ते स्वतः चालवत होते. त्यांचा ड्रायव्हर शेजारी, मी मागे. लोणी देवकरपाशी कारखान्यातली पाळी संपवून निघालेल्या एका सायकलवाल्याला त्यांनी उडवलं. त्याला दवाखान्यात पोचवलं आणि तिथून पोलीस ठाण्याकडे निघताना पंच मुकाट्याने माझ्या शेजारी येऊन बसले. स्टिअरिंगवर ड्रायव्हर बसला.

ठाण्यात ड्रायव्हरने गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतला. मी म्हटलं, "हे खोटं आहे. गाडी पंच चालवत होते."

हवालदार हसला. "बाई, कबूल करणारा हितं उभा हाय. तुमी कशाला शीण घेता?"

"बाईंचा डोळा लागला व्हता, साहेब," ड्रायव्हर माझ्याकडे न बघता म्हणाला. "त्यांना काय दिसणार?"

आयुष्यभर शाळेत शिकवताना शेवटच्या बाकावरची कुजबुज पकडणारी मी, आणि माझा डोळा लागला होता!

बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं. "का रे बाबा असं?"

"पोरगी नर्सिंगला हाय, बाई. आमच्या साहेबांनीच घातलीय, फी तेच भरत्यात. तुमचं खरं तुमच्यापाशी ठेवा."

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला पंच भाकरीची थाळी घेऊन एकेका बाकाशी येतात. कुणाशी वाकडं असेल तर आधी समेट करायचा, मगच हात पुढे करायचा, ही जुनी रीत. समेट झाला नसेल तर हात मांडीवर ठेवायचा; थाळी पुढे सरकते. अपघातानंतरच्या तशा पहिल्या रविवारी थाळी त्यांच्याच हातात होती. मी हात मांडीवरून उचलला नाही. सगळ्या मंडळीने पाहिलं.

उपासना संपल्यावर दाराशी ते म्हणाले, "सलाम, बाई. मन मोठं करा. देव क्षमा करतो."

"करतो ना. पण आधी पाप कबूल करावं लागतं. ते तुम्ही दुसऱ्याकडून करवून घेतलंत."

तेव्हापासून बायका माझ्या बाकावर बसत नाहीत. एकीने तर तोंडावर विचारलं, "त्या मुलीचं भलं होतंय, तर तुम्हाला काय बोचतंय?" पाळक 'माणूस जे पेरतो तेच कापतो' यावर उपदेश करतात, पहिल्या बाकावर पंच मान डोलावतात. आमच्या या ऊसपट्ट्यात लावणारा एक आणि तोडणारे भलतेच, हे पाळकांना कुणी सांगावं? सायकलवाला अजून कुबड्यांवर आहे. पंचांनी नवी गाडी घेतली, आणि तिच्यासाठी मंडळीने प्रार्थनाही केली.

आता खटला उभा राहील. मला साक्षीला बोलावलं तर मी जाणार, आणि जे पाहिलं तेच सांगणार. माझ्यावर विश्वास ठेवला, तर ड्रायव्हर सुटेल आणि त्याच्या मुलीचं शिक्षण त्याच दिवशी थांबेल. नाही ठेवला, तर तो तुरुंगात जाईल आणि ती नर्स होईल. देव न्यायी आहे, हे तुम्हाला लहानपणी मीच शिकवलं. ते मी मागे घेत नाही. पण यातला कोणता न्याय देवाचा, असं त्या मुलीने मला विचारलं, तर मी तिला काय सांगू?