मार्तंडरावांचं दुसरं लग्न, पहिल्याच बायकोशी

मार्तंडराव भोयर आपल्या थोरल्या मुलीपेक्षा तीन वर्षांनी लहान होते. ही थट्टा नव्हे, भटजींनी पोथी पाहून ठरवलेली गोष्ट आहे. मुलगी कुसुम साठ सालची आणि बाप त्रेसष्टच्या मे महिन्यातला.

सक्करदऱ्याच्या तळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं कवेलूंच्या छपराचं घर होतं. फौजेतून आल्यावर हिंगण्याच्या एका कारखान्याच्या फाटकावर त्यांनी अठरा वर्षं पहारा दिला. या अठरा वर्षांत बिल्ल्याशिवाय कुणाला आत सोडलं नाही. एकदा तर मालकाच्या साडूला भर उन्हात अर्धा तास उभं ठेवलं. घरी मात्र सगळा कारभार उलटा. जेवायला काय, कुठल्या मुलीसाठी कुठलं स्थळ, पंखा केव्हा लावायचा, हे सगळं मनकर्णाबाई ठरवत आणि मार्तंडराव "बरं" म्हणत. फाटकावरचा एक जण एकदा म्हणाला, "लढाईतला माणूस तुमी, अन् बायकोले भेता?"

"चिन्यानं मले सहा महिने धरून ठेवलं," मार्तंडराव म्हणाले, "पण तिथं नाही भ्यालो एवढा माह्या दुसऱ्या लग्नात भ्यालो."

"दुसरं लगन? अन् दुसरी बायको कुठी हाय?"

"बायको तेच हाय."

त्याची हकिकत अशी. बासष्टच्या नोव्हेंबरात मार्तंड चीनच्या सरहद्दीवर, नेफाच्या बर्फात शत्रूच्या हाती सापडला. घरी 'बेपत्ता' असं पत्र आलं. मग त्याच्याच तुकडीतला एक जण सुटीवर आला आणि मार्तंडला पडताना मी डोळ्यांनी पाहिलं, असं शपथेवर सांगून गेला. ते खरंही होतं. फक्त त्याला उठताना पाहायला हा गडी थांबला नव्हता.

मार्तंडचे काका मारोतराव हे घरातले कर्ते, आणि कुठलंही काम अंगावर ठेवायचं नाही, हा त्यांचा बाणा. त्यांनी जानेवारीतच पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला आणि तेरवी उरकली. तेरवीला बुंदी होती. हे मार्तंडरावांना पुढं कळलं, तेव्हा त्यांनी "कशी झाली होती?" एवढंच विचारलं. पण त्या दिवशी बावीस वर्षांच्या मनकर्णाच्या बांगड्या शेजारच्या बायकांनी दगडावर फोडल्या, त्याबद्दल त्यांनी आयुष्यात कधी विनोद केला नाही.

मे महिन्यात हा मेलेला माणूस खांद्यावर फौजी थैला टाकून अंगणात येऊन उभा राहिला. मारोतरावांच्या तोंडातली तंबाखू खाली पडली. भानावर येताच ते ओरडले, "थांब गा! घरात पाय नको ठेवू. तुही तेरवी झाली!"

मार्तंड तीन दिवस अंगणातल्या कडुनिंबाखाली राहिला. कैदेत निदान डोक्यावर छप्पर तरी होतं, असं तो जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायचा. त्याची विधवा आई प्रयागबाई तेवढी पोथीची वाट न पाहता बाहेर आली. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, मग पायांची बोटं मोजली. आठच भरली. दोन बर्फानं नेली होती.

भटजींनी तोड काढली. ज्याचे दिवस झाले त्यानं पुन्हा जन्म घ्यायचा, बारसं करायचं, आणि त्याच बायकोशी नव्यानं लग्न लावायचं. बारशाचा पाळणा शेजारून आला. त्यात मार्तंडचा एक पायच मावला, तो तेवढा हलवून बायकांनी पाळणा म्हटला. आठवड्यानं जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव उभा राहिला. तेरवीला जेवून गेलेली तीच मंडळी आता अक्षता घेऊन बसली.

मुहूर्त जवळ आला. नवरीला कुंकू लावायला सवाशिणी आत गेल्या आणि तशाच परत आल्या. "नाही म्हणते ते," एकीनं सांगितलं.

मार्तंड भ्याला तो इथं. अजून बायकोशी त्याचं एक अक्षर बोलणं झालं नव्हतं. आठ बोटांचा, काळा पडलेला आपला अवतार तिनं खिडकीतून पाहिला असेल आणि मन फिरलं असेल, असंच त्याला वाटलं. तो मुंडावळ्यांसकट दाराशी गेला.

"काहून वं?"

"पहिल्या खेपेले मी तेरा वर्षाची होती," आतून आवाज आला. "कोणी इचारलं होतं मले? आता इचारा."

सगळा मांडव कान देऊन बसलेला. मार्तंडनं मुंडावळ्या बाजूला सारल्या. "लगन करतं का वं माह्याशी?"

"करीन. पण कुंकू आत्याबाईच्या हातानं लावीन."

आत्याबाई म्हणजे तिची सासू. मारोतराव ताडकन उठले. विधवेच्या हातचं कुंकू! त्यावर मनकर्णा स्वतःच दारात आली. "चार महिने मी कोण होती? माह्या बांगड्या फोडणाऱ्या बाया आता कुंकू घेऊन आल्या. तवा माह्यासंग कोणी जेवत नव्हतं. आत्याबाई जेवत होत्या."

सगळ्यांनी भटजींकडं पाहिलं. भटजींनी पोथीची पानं उलटली. "असं कुठं लिहिलेलं नाही."

"नको म्हणून लिहिलं हाय का?" मार्तंडनं विचारलं.

"तेही नाही," भटजी कबूल झाले.

मार्तंड तसाच गोठ्यात गेला. प्रयागबाई सकाळपासून तिथं वाती वळत बसली होती. लेकाच्या लग्नात आपलं तोंड कुणाला दिसू नये, म्हणून ती आपणहून तिथं गेली होती. "मी नाही येत बापा," ती म्हणाली. "तुह्या लग्नात अपशकुन कायले?"

"माय, मेलेला माणूस लगन करून राहिला. याच्यावर आणखी कोणता अपशकुन होते?"

म्हातारीला हसू आवरेना. त्या हसण्यातच मार्तंडनं तिला हाताला धरून मांडवात आणलं. वीस वर्षांत तिनं कुंकवाच्या करंड्याला हात लावला नव्हता. बोट इतकं थरथरलं, की कुंकू कपाळावर तिरपं गेलं आणि थोडं नाकावर सांडलं. एक सवाशीण पदरानं पुसायला पुढं झाली, तेव्हा मनकर्णानं तिचा हात धरला. "राहू द्या." तशाच नाकानं ती बोहल्यावर उभी राहिली आणि लग्न लागलं. मारोतरावांनीसुद्धा अक्षता टाकल्या, जरा लांबून.

पंगत बसली. मनकर्णानं सासूला आपल्या शेजारी बसवून घेतलं. ताटात वरणभात आला, तूप आलं, जिलबी आली. प्रयागबाई कुंकवाचं बोट आत घेऊन उजवी मूठ मांडीवर घट्ट मिटून बसून राहिली.

"जेव ना वं माय," मार्तंड म्हणाला. "काहून बसली तशी?"

"मंग जेवीन गा," ती म्हणाली. "आता जेवली, तर हात धुवा लागीन."