नातीले मी ‘थांब’ म्हटलं

सगळ्यायले रामराम. मले लिहिता येत नाई. मी बोलून राह्यली, सून टाइप करून राह्यली. चुकलं तर तिले बोला.

आज सकाळी नातीचा व्हिडिओ कॉल आला. पोरगी दक्षिणेकडच्या बर्फाच्या समुद्रात जहाजावर आहे. पाण्यात डोळ्याले न दिसणारं बारीक शेवाळ असते, त्याचा हिरवा रंग मोजते. पाणी गाळलेला कागद दाखवला, त्यावर फिक्कट हिरवा डाग.

मी म्हटलं, "एवढ्यासाठी तिथी गेली? आपल्या पोंभुर्ण्याच्या बोडीत, एवढ्याशा तळ्यात, याच्याहून हिरवं पाणी आहे."

ती हासली. "आजी, उपग्रह वरून रंग पायते. पण ढग आले का त्याले दिसत नाई. अन् दिसलं तरी खरं किती, ते पाणी काढल्याबिगर समजत नाई. म्हणून अजून एक फेरी थांबू का?"

"थांब," म्हटलं. "जेवतं ना पण?"

"पाय ना, गाल कसे वर आले."

"फोनात सगळ्यायचेच येतात. हात लावल्याबिगर मी मानत नाई."



फोन ठेवल्यावर सून म्हणे, "थांब काऊन म्हटलं, आई? तुमाले तर ‘ये’ म्हणायचं होतं."

ज्यायची लेकरं दूर आहेत, त्यायनं खरं सांगा. ‘ये’ म्हणायचं असते तवा तुमी काय म्हणता?